तिकडे सहा, इकडे शून्य

(पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारं पोरगं किंवा पोरगी आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.)

गेल्या डिसेंबरात माझ्या मावसबहिणीची मुलगी सुट्टीला आली होती. जन्म तिकडचाच, अमेरिकेतला. टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मराठी बोलते, जरा अडखळत. जेवताना मी सहज विचारलं, अभ्यास काय म्हणतोय? तर म्हणाली, "मामा, या सेमिस्टरला मी केमिस्ट्री ड्रॉप केली. आता माझे चारच ड्रॉप उरले."

माझ्या आईला वाटलं, पोरीच्या डोळ्याला काही झालंय आणि औषधाचे थेंब संपत आलेत. सगळे हसले. पण माझं डोकं त्या 'चारच उरले' वर अडकलं. विषय सोडायचा, आणि तोही मोजून?

मग तिने समजावून सांगितलं, नंतर मी स्वतः वाचलं. भानगड अशी आहे. टेक्सास राज्याने २००७ साली कायदा केला. त्या वर्षीच्या फॉल (शरद) सत्रापासून सरकारी कॉलेज-विद्यापीठात पहिल्यांदा प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला पदवी पूर्ण होईपर्यंत जास्तीत जास्त सहा विषय मध्येच सोडता येतात. कॉलेज बदललं तरी आकडा मागे येतो. सातवा सोडता येत नाही. जे मार्क पडतील ते पडतील.

कारणही समजण्यासारखं आहे. पोरं चार विषयांची जागा अडवायची, दोन महिन्यांनी अवघड वाटला की सोडून द्यायची. ज्याला खरोखर तो विषय हवा होता तो बाहेर राहायचा. पदवी चार वर्षांऐवजी सहा वर्षांवर जायची. सरकारचा पैसा दोनदा लागायचा. म्हणून लगाम.

पण त्या लगामात ढील कुठे ठेवलीय ते बघा. सत्र सुरू झाल्यावर साधारण बाराव्या दिवसापर्यंत विषय सोडला तर तो मोजलाच जात नाही. वर्गात बसून बघा, झेपत नसेल तर उठा. त्यानंतर सोडला तर गुणपत्रिकेवर 'सोडला' एवढी खूण येते. नापास नाही. सरासरीवर परिणाम नाही. स्वतःचं मोठं आजारपण, घरातल्या आजारी माणसाची सेवा, घरात मृत्यू, सैन्यातली ड्युटी, आणि आपल्या हातात नसलेल्या कारणाने कामाच्या वेळा बदलणं, यातलं काही घडलं आणि दाखवता आलं, तर तो विषय सहामध्ये धरत नाहीत. शिक्षण सोडून गेलेला माणूस दोन वर्षांनी परत आला आणि आधी त्याचा बराच अभ्यासक्रम पूर्ण झालेला असेल, तर त्याला एक जादा संधी देता येते. कोरोनाच्या काळात वर्ग बंद असल्यामुळे सोडलेले विषयही मोजायचे नाहीत, असं नंतर कायद्यातच घातलं.

म्हणजे कायदा करणाऱ्यांनी पोरगं आळशी असू शकतं हे धरलं, आणि पोराच्या घरात काहीही होऊ शकतं हेही धरलं.

आता आपल्या तालुक्यात या.

त्याच आठवड्यात माझ्या ऑफिसात टायपिंगला येणारी मुलगी दीड महिन्याने परत आली. बी.एस्सी. पहिलं वर्ष. सकाळी कॉलेज, दुपारी तीन ते सात माझ्याकडे बातम्या टाइप करणार. हुशार आहे. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका न विचारता दुरुस्त करते. दिवाळीच्या आसपास अचानक गायब झाली होती. फोन लागला तेव्हा कळलं, फडावर गेलीय.

आई-वडील ऊसतोडीला जातात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते. हंगामाच्या सुरुवातीलाच आई आजारी पडली. आई झोपडीत पडून राहिली तर कोयता अर्धा होतो, आणि उचल अंगावर राहते. म्हणून आईच्या जागी पोरगी उभी राहिली. पहाटे चारला उठून मोळ्या बांधायच्या, रात्री गाडी भरायची. मोबाइलमध्ये केमिस्ट्रीच्या नोट्सचे फोटो होते म्हणाली, पण चार्जिंग मिळेल तेव्हा.

परीक्षेच्या चार दिवस आधी आली. हाताला फोड. नव्या शैक्षणिक धोरणाचा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम तुम्ही पाहिला नसेल तर एकदा बघा. एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट. मुख्य विषय, त्याचं प्रॅक्टिकल, दुय्यम विषय, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली. दोन-दोन क्रेडिटचे तुकडे धरून आठ-दहा विषय सहज होतात. माझी टेक्सासवाली भाची एका सेमिस्टरला पाच विषय घेते आणि त्यातला एक सोडू शकते. आमची पोरगी त्याच्या जवळजवळ दुप्पट घेते आणि एकही सोडू शकत नाही.

तिने कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारलं होतं. दोन विषयांच्या अंतर्गत चाचण्या बुडाल्यात, एका प्रॅक्टिकलची हजेरी नाही. हे तीन विषय या वेळी राहू द्या, बाकीच्या पेपरांचा नीट अभ्यास करते, हे तीन पुढच्या वेळी. ऑफिसातल्या माणसाने वाईट वागणूक दिली नाही. त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवून दाखवली. "बघ बाई, पोर्टलवर तसा पर्यायच नाही. फॉर्म भरायचा तर सगळ्या विषयांचा. सिस्टिम घेत नाही."

सिस्टिम घेत नाही. या तीन शब्दांपुढे आपल्याकडे कोणाचं काही चालत नाही.

मग तिने चार दिवसांत सगळ्या विषयांचा थोडा थोडा अभ्यास केला. निकाल काय लागणार होता? तीन जायचेच होते, सोबत चौथाही गेला. दुसऱ्या सेमिस्टरला नवे विषय आणि हे जुने, दोन्ही एकदम. त्यात आणखी एक राहिला. आता एका पेपरचं रिचेकिंग टाकलंय. तो निघाला तर एटीकेटीच्या नियमात बसून दुसऱ्या वर्षाला प्रवेश. नाही निघाला तर वर्ष घरी. आणि 'वर्ष घरी' याचा आमच्या भागात अर्थ काय होतो हे तुम्हाला माहीत आहे. दसऱ्यानंतर कोयता आणि त्याआधी स्थळं.

ती मला एवढंच म्हणाली, "सर, मी नापास नव्हते हो. मी नव्हतेच तिथं."

हे वाक्य गेले काही दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. कारण मुद्दा नेमका हाच आहे. ज्या पोरीने पेपर दिला आणि तिला आला नाही ती, आणि जिला पेपराची तयारी करायलाच मिळाली नाही ती, दोघींच्या गुणपत्रिकेवर अक्षर एकच. उद्या नोकरीच्या जाहिरातीत 'बॅकलॉग नसावा' असं लिहिलेलं असेल, तेव्हा कोण विचारणार आहे की बाई, त्या महिन्यात तू कुठे होतीस?

'ड्रॉप' हा शब्द आपल्याकडे नाही असं नाही. आहे, चांगला रुळलेला आहे. "आमच्या पोराने यंदा ड्रॉप घेतलाय." म्हणजे बारावी झाली, नीटला मार्क कमी पडले, आता लातूरला रिपीटर बॅचला टाकलाय. एक वर्ष, दोन वर्षं, काहींचं तिसरं. त्यासाठी लोक जमिनीचा तुकडा विकतात, सोनं मोडतात, आणि समाज त्याला जिद्द म्हणतो. नीट किती वेळा द्यायची याला मर्यादा नाही. म्हणजे अख्खं वर्ष सोडलं तर जिद्द, आणि दोन क्रेडिटचा एक पेपर सहा महिने पुढे ढकलू द्या म्हटलं तर सिस्टिम घेत नाही.

नवं धोरण तर याच्याही पुढे गेलंय. २०२४-२५ पासून आपल्या संलग्न कॉलेजांत ते लागू झालं. त्यात एक वर्षानंतर बाहेर पडा, सर्टिफिकेट घ्या. दोन वर्षांनी बाहेर पडा, डिप्लोमा घ्या. क्रेडिट बँकेत तुमचे क्रेडिट सात वर्षांपर्यंत जपून ठेवतात, परत या आणि पुढे शिका. कागदावर कल्पना चांगली आहे, मी विरोध करत नाही. पण मला सांगा, जी व्यवस्था सात वर्षं क्रेडिट सांभाळायला तयार आहे, तिला एक विषय सहा महिने सांभाळायला काय अडचण आहे? सगळं सोडून जायचं असेल तर दार सताड उघडं. एकच ओझं जरा खाली ठेवून बाकीचं उचलायचं असेल तर जागा नाही.

गंमत म्हणजे टेक्सासच्या कायद्यातही हीच फट आहे. एक विषय सोडला तर सहामध्ये मोजतात, पण सेमिस्टरचे सगळेच विषय सोडून कोणी निघून गेला तर ते मोजत नाहीत. म्हणजे शेवटची संधी उरलेल्या पोराला एका विषयापेक्षा सगळं सोडणं सोयीचं. कायद्यातला हा भाग मला पटत नाही. आपण नियम करायला बसलो तर तिकडची नक्कल करायची गरज नाही, त्यांची चूक आधी बघून घ्यावी.

आता दुसरी बाजू. ती मी स्वतःच मांडतो, कारण ती मी भोगलीय.

मी बी.ए.ला असताना माझा कंपल्सरी इंग्रजीचा पेपर राहिला. एटीकेटी मिळाली, पुढच्या वर्गात गेलो. एटीकेटी नसती तर मी आज तुमच्यासमोर ही पोस्ट लिहीत नसतो, हे आधी कबूल करतो. पण झालं काय, की तो पेपर मी ढकलत गेलो. पुढच्या वेळी काढू. मार्चमध्ये काढू. ऑक्टोबरला काढू. शेवटचं वर्ष संपलं, मित्र कुठे कुठे लागले, आणि मी इंग्रजीच्या एका पेपरपायी पदवीविना. पत्रकारितेच्या डिप्लोमाचा प्रवेश त्यामुळे एक वर्ष लांबला. कोणी मला दुसऱ्याच वर्षी कान धरून सांगितलं असतं की आता बास, या वेळी काढलाच पाहिजे, तर बरं झालं असतं.

म्हणून मला मर्यादा नको असं मी म्हणत नाही. मर्यादा हवी. विषय सोडायची मोकळी सूट दिली तर अर्धा वर्ग गणित सोडेल आणि उरलेला अर्धा इंग्रजी. आणि आमच्यासारख्या ठिकाणी एक विषय वर्षातून एकदाच शिकवला जातो. मास्तर तासिका तत्त्वावरचा, पुढच्या वर्षी तोच असेल याची खात्री नाही. ढकललेला विषय ढकललेलाच राहतो. हे मी प्राध्यापक मित्रांशी बोललो तेव्हा त्यांनी सांगितलेलं आहे आणि ते खरं आहे.

पण मर्यादा कशावर घालतात? जे दिलेलं असतं त्यावर. आपण पोरांना ती सोय दिलीच नाही. तिकडे सहावर वाद होतो, सहा कमी आहेत की जास्त. इकडे वाद करायलाही आकडा नाही.

एका प्राध्यापकांनी मला असंही सांगितलं की विषय सोडायची सोय आली तर कोणत्या तासाला पोरं बसत नाहीत ते उघडं पडेल, म्हणून काहींना ती नकोच आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. पण ओपन इलेक्टिव्हची निवड कशी होते ते तुम्ही स्वतः विचारून बघा. पोरगी म्हणते मला अमुक विषय हवा, ऑफिस म्हणतं जागा संपल्या, हा घे. पंधरा दिवसांत तिला कळतं की हा आपला विषय नाही. तोवर बदलायची मुदत गेलेली असते, कारण प्रवेशाच्या फेऱ्याच लांबलेल्या असतात. निवड म्हणून जे दिलं ती निवड नव्हती, आणि मागे फिरायला वाटही नाही.

माझं म्हणणं पाच मुद्द्यांत सांगतो. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. चुकत असेल तर दुरुस्त करा.

१. तास प्रत्यक्ष सुरू झाल्यापासून एक महिना विषय बदलायला किंवा सोडायला मोकळीक हवी. प्रवेशाच्या तारखेपासून नको, तास सुरू झाल्यापासून. दोन्हींत आपल्याकडे किती अंतर पडतं ते सगळ्यांना माहीत आहे.

२. त्यानंतर परीक्षा सुरू होण्याच्या आठवडाभर आधीपर्यंत, एका सेमिस्टरला एक आणि तीन वर्षांत मिळून चार, एवढे विषय कारण न सांगता सोडता यावेत. चार संपले की संपले. माझ्यासारख्या ढकलणाऱ्यांसाठी ही मर्यादा कडक असावी.

३. आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू आणि कामासाठी स्थलांतर, हे त्या चारमध्ये धरू नये, आणि अशा वेळी एकापेक्षा जास्त विषयही सोडता यावेत. आणि पुरावा असा मागा जो गरिबाला मिळू शकतो. मुकादम काही लेटरहेडवर लिहून देत नाही. ऊसतोड कामगारांना ग्रामसेवकामार्फत ओळखपत्र देण्याची सरकारचीच योजना आहे. घरात ते असेल तर पुरेसं मानावं. नसेल तर सरपंचाचा किंवा शाळेच्या मुख्याध्यापकाचा दाखला चालावा.

४. गुणपत्रिकेवर 'नापास' आणि 'या वेळी घेतला नाही' हे दोन वेगळे शेरे असावेत. एवढं एक केलं तरी कितीतरी पोरांची मान वर राहील.

५. सोडलेला विषय पुढच्याच सेमिस्टरला पूर्ण करायची सोय हवी. कॉलेजला वर्ग भरवणं जमत नसेल तर सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवरचा चालेल. एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घ्यायला यूजीसीनेच परवानगी दिलेली आहे. मग ती वापरा ना.

यातल्या एकाही गोष्टीला इमारत बांधावी लागत नाही. पोर्टलवर एक पर्याय वाढवावा लागतो आणि विद्यापीठाच्या विद्या परिषदेत एक ठराव. सिनेट सदस्य निवडणुकीच्या वेळी आपल्या दारात येतात. पदवीधरांनो, तुमची मतं मागतात. त्यांना विचारा की हा ठराव मांडता का. मी आमच्या भागातल्या दोघांना फोन केला होता. एक म्हणाले, लेखी द्या. दिलंय. दुसरे म्हणाले, बघू. त्यांना दर पंधरा दिवसांनी फोन करणार आहे.

काही जण म्हणतील, अहो आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं, आम्ही शिकलोच ना. शिकलो. पण आपल्या वर्गातले जे शिकले नाहीत ते आज ही पोस्ट वाचायला इथे नाहीत. माझ्या बी.ए.च्या वर्गात पहिल्या वर्षी ज्या मुली होत्या, त्यातल्या निम्म्याही शेवटच्या वर्षाच्या फोटोत नाहीत. परवा तो फोटो काढून बघितला. त्यातल्या कोणी विषय राहिला म्हणून थांबल्या, कोणी लग्न झालं म्हणून. बहुतेकींचं दोन्ही एकाच वर्षी झालं असावं. तेव्हा आम्ही कोणी विचारलं नाही.

भाची परत गेली. जाताना तिला मी या मुलीची गोष्ट सांगितली. तिला ऊसतोड समजावून सांगायला अर्धा तास लागला. नंतर तिने विचारलं, "मामा, मग तिने केमिस्ट्री का नाही ड्रॉप केली?" मी म्हटलं, तिला ड्रॉप नाहीत. तिला ते खरं वाटेना. "एकही नाही?"

रिचेकिंगचा निकाल या आठवड्यात अपेक्षित आहे. मुलगी रोज ऑफिसला आली की आधी विद्यापीठाची वेबसाइट उघडते, मग बातम्या टाइप करायला घेते. निकाल काहीही लागो, तिचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून आम्ही दोन-तीन जण तिच्या वडिलांना जाऊन भेटणार आहोत. मुक्त विद्यापीठाचाही पर्याय आहे. पण अशी प्रत्येक पोरगी एखाद्या पत्रकाराच्या ऑफिसात टायपिंगला नसते.

तुमच्या घरात, गल्लीत, गावात कोणाचं असं झालं असेल तर खाली लिहा. कॉलेजचं नाव लिहू नका, मुलीचं नाव तर अजिबात नको. किती विषय, कशामुळे राहिले आणि पुढे काय झालं, एवढंच लिहा. सगळं एकत्र करून निवेदनाला जोडणार आहे. प्राध्यापक मंडळींनीही लिहावं, माझ्या विरोधात असलं तरी चालेल. नियम कुठे अडतो हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही.